तळ्यात औषध

कातकरी वाडीवरच्या एका आजींनी मदत केली नसती, तर माझ्यामुळे निर्दोष माणूस कोर्टात उभा राहिला असता. त्यांचा उल्लेख आधी करतो, मग घटना सांगतो. निवृत्त झालो, तरी ती सकाळ मनातून जात नाही.

मी दुष्काळी मुलखातला. दहावीनंतर शाळा सुटली, पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि पेण-रोहा भागात सहायक फौजदार झालो. कागदावर काही चुकीचं लिहिलं जाईल, ही धास्ती कायम असायची.

त्या सकाळी ठाण्यात खबर आली, की गावतळ्यात मासे मरून वर आलेत. तळ्याचा ठेका घेतलेल्या शेतकऱ्याने वाडीवरच्या एका मजुराकडे बोट दाखवलं. मासे धरायला यानेच विष घातलं, असं त्याचं म्हणणं. मजुराला ठाण्यात आणलं.

"तळ्यात औषध टाकलंस?"

"व्हय साहेब. गेलं माझ्या हातनं."

कबुली मिळाली असं समजून मी कागद पुढे ओढला. तेवढ्यात दारातून त्याची आई, म्हणजे त्या आजी, ओरडल्या, "फौजदार, कंचं औषध ते इच्यार की त्याला!"

विचारलं. शेतकऱ्याच्याच वालावर फवारणी करून त्याने पाठीवरचा पंप तळ्यात धुतला होता. त्यातलं उरलंसुरलं पाण्यात गेलं, एवढंच तो कबूल करत होता.

"सगळीच तिथं धुतात," तो म्हणाला. "शेटपन."

पंचनाम्याला गेलो, तेव्हा आजी गुडघाभर पाण्यात उतरल्या. मूठभर गाळ माझ्यासमोर धरला.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"त्येच तर! यात शिंपल्या हव्यात. तुझ्या गावाला तळी नाय काय?"

"नाही आजी. विहिरी आहेत, त्याही कोरड्या."

"मग तुला कसं कळनार, लेका! पयल्या शिंपल्या गेल्या, मंग खेकडं, मंग बेडकं. आता मासं. ह्ये एका दिसाचं काम नाय."

म्हणून पाण्याबरोबर गाळही प्रयोगशाळेत पाठवला. एरवी मला सुचलं नसतं. काही आठवड्यांनी अहवाल आला. पाण्यात औषधाचा अंश थोडा निघाला, गाळात मात्र पुष्कळ, आणि तोही नाना प्रकारांचा. तिथल्या बाईंनी फोनवर समजावलं, "काही औषधं गाळात वर्षानुवर्षं टिकतात. गाळातून किड्यांत जातात, किड्यांतून माशांत. आज सगळं थांबवलंत, तरी तळं सावरायला फार काळ लागेल."

फिर्याद देणाऱ्या त्या शेतकऱ्याला विचारलं, "तुम्ही पंप कुठे धुता?" "तळ्यातच," तो म्हणाला.

मजुरालाही त्या दिवशी सकाळीच ठाण्यात बोलावलं होतं; त्याला मोकळं केलं. आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चल, सकाळपासनं जेवला नायस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेतातल्या विषाला आम्ही सगळेच औषध म्हणतो. समोरच्याने शब्द कुठल्या अर्थाने वापरला, हे विचारल्याशिवाय जबाब लिहू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

वरिष्ठांनी त्या तपासाबद्दल माझी पाठ थोपटली. कागदपत्रांत आजींचं नाव कुठेच नाही. त्यांचा जबाब घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. त्या अजून वाडीवर आहेत. एक दिवस भर ग्रामसभेत त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवून, हा तपास खरा कोणी लावला ते मी उभं राहून सांगणार आहे.