राठोड सरांचा पत्रं लिहिणारा कॉम्प्युटर

कळमनुरीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले जुने लोक भेटले की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे तर राठोड सरांच्या प्रोग्रामचे!

सर तांड्यावरचे पहिले मास्तर. नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी शाळेतून बिनपगारी रजा काढली, क्लास टाकला आणि पत्रं लिहिणारा प्रोग्राम बनवायला घेतला. दिवाळीपर्यंत एक तरी पत्र पेन न लावता, जसंच्या तसं कुणाला तरी पसंत पडलं पाहिजे, नाहीतर पुन्हा शाळेत, असं बायकोला कबूल केलेलं.

पहिल्यांदा तो प्रोग्राम नुसता गप्पा मारायचा. कुरुंद्याचे एक काका आले. ते सांगायचे, मी टाईप करायचो.

"हळदीला करपा पडला."

उत्तर आलं, "त्याबद्दल आणखी सांगा."

"पानं वाळून राहिली."

"तुम्हाला असं का वाटतं?"

काका उठले. "ऐकून घेतं सगळं, करत काईच न्हाई. आमच्या जावयासारखं हाय."

मग पत्रं सुरू झाली. सरांनी नियम घातला, वयानं मोठा असेल तर 'साष्टांग नमस्कार', लहान असेल तर 'अनेक आशीर्वाद'. मी मामाला बहिणीच्या साखरपुड्याचं बोलावणं धाडलं. मामा माझ्याहून दोन वर्षांनी लहान! भाच्याचा आशीर्वाद वाचून तो साखरपुड्याला आलाच नाही.

सरांनी तेवढं दुरुस्त केलं, पण घरच्या पत्राची शेवटची ओळ सगळ्याच कागदांवर तशीच राहिली. आमच्या वाघमारेनं विजेच्या खांबासाठी अर्ज काढला. वीज ऑफिसातल्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "घरातल्या लहानांना गोड पापा? हे काहून?"

वाघमारे म्हणाला, "साहेब, ते कॉम्प्युटरनं दिलं. मी न्हाई." खांब मात्र मिळाला.

दिवाळी चार दिवसांवर आली. सर पार चिडचिडे झाले होते. मला त्यांची दया यायची आणि हसूही.

अशात तांड्यावरच्या सीताबाई आल्या. मुलगा पुण्यात कामाला, तीन वर्षांत ना तो आला, ना त्याची चिठ्ठी. सरांनी नाव, गाव, नातं भरलं. कागद छापून निघाला तसा वाचून दाखवला, "तुझे पत्र मिळाले. वाचून फार आनंद झाला."

सर ओशाळले. "माय, हे चुकलं. थांब, खोडतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं.

सीताबाईंनी कागद ओढून घेतला.

"राहू दे बाबा. वाचून त्याला आठवंल, धाडायचं राहिलं म्हणून."