आर्डिसने परवानगी मागितली

आर्डिस होल्मेने अमेरिकेतल्या ओक बेंड गावात तीस वर्षं शाळेची बस चालवली. रेल्वेच्या फाटकापाशी बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा, मग पुढे जायचं, हा नियम. बस चालवणं सुटलं तरी ही सवय सुटली नाही. स्वतःच्या गाडीतून किराणा आणायला निघाली तरी बाई रुळांपाशी थांबते, काच खाली करते आणि ऐकते. त्या रुळांवरून आगगाडी जाणं कधीच बंद झालंय. आता तिथे गवत उगवतं. मागचे लोक हॉर्न वाजवतात, ती ढिम्म हलत नाही.

अशा बाईचं पुढे काय होणार हे खरं तर गावाला आधीच कळायला हवं होतं.

तिचा नवरा वेंडेल. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू गेलेली, आणि शब्द उरले ते हो, नाही आणि कॉफी, एवढेच. बाकीचे ओढून काढावे लागतात. त्याला भरवणं, पुसणं, उठवणं, बसवणं सगळं आर्डिसच्या अंगावर. तिला नाद नेमबाजीचा, पण क्लब शेजारच्या काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तिथे जायचं तर वेंडेलपाशी बसणार कोण? म्हणून तिने हवेच्या दाबावर चालणारी छऱ्याची बंदूक परसातच आणली. दुपारची कॉफी झाली, वेंडेलला खिडकीपाशी बसवलं, की ती मागे जायची. तेवढाच काय तो दिवसातला वेळ तिचा स्वतःचा. बाकीचा सगळा दिवस दुसऱ्याच्या शरीराचा.

व्यवस्था म्हणाल तर चोख. चिंध्या ठासून भरलेली जाड लाकडी पेटी, तिच्यामागे पोलादी पत्रा, पत्र्यामागे मातीचा बांध. नेम नेहमी बांधाकडे, कुणाच्या घराकडे कधीच नाही. कुंपणावर लाल फडकं लावल्याशिवाय बंदुकीत छर्रा जायचा नाही, डोळ्यांना जाड चष्मा, आणि नेम धरेपर्यंत चापाला बोट लागायचं नाही. काम झालं की बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून ती कुलपात. खारी, पक्षी यांच्या वाटेला ती गेली नाही. कागदावरचा काळा ठिपका, बस.

पलीकडच्या घरात मिलवॉकी शहरातून डेरिक नावाचा तरुण राहायला आला. बायको आणि तान्हं मूल. एक दिवस कुंपणाशी येऊन त्याने भीतभीतच विचारलं, की हे गावात चालतं ना? आर्डिसने त्याला आत बोलावलं, पेटी दाखवली, पत्रा दाखवला, बांधावर उभं केलं. पोरगं एकदम निवांत झालं. दुसऱ्या दिवशी त्याने केळ्याचा केकही आणून दिला. प्रकरण इथेच मिटलं होतं हो. पण डेरिकचं समाधान झालं तरी आर्डिसचं होईना. चालतं ना, या प्रश्नाला तिच्याकडे लेखी उत्तर नव्हतं, आणि ते तिला रात्रंदिवस टोचायला लागलं.

ती पंचायतीच्या कचेरीत गेली. तिथली कारकून पेग तिची शाळेपासूनची मैत्रीण. पेगने नियम काढून वाचले. गावात बंदुकीचा बार काढायला बंदी होती, पण छऱ्याच्या बंदुकीचा उल्लेखच नव्हता.

"नाव नाही म्हणजे बंदी नाही," पेग म्हणाली. "घरी जा आणि खुशाल मार."

"मग तसं लिहून दे."

"अगं बाई, लिहायला घेतलं की लोक वाचतात. वाचलं की बोलतात. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे."

पण आर्डिसला झाकलेलं काही चालतच नाही. पुढच्या सभेत बर्फ काढायच्या गाडीचा विषय संपला आणि ती उभी राहिली. परसाचे फोटो घेऊन गेली होती. सगळ्यांनी ते कौतुकाने पाहिले. मग कुणाला तरी आपल्या गॅरेजची फुटलेली काच आठवली. दुसरीला मांजराचा गेलेला डोळा आठवला. गावात निम्म्या घरांत छऱ्याच्या बंदुका, आणि पक्ष्यांचे दाणे खाणाऱ्या खारींवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून छर्रे उडवणारे महाभाग त्या सभेतच बसले होते. ते मात्र आपापल्या बुटांकडे बघू लागले. अध्यक्ष मर्ल खाकरला आणि म्हणाला, आर्डिसची व्यवस्था उत्तम आहे, पण सगळेच काही आर्डिस नसतात. माना डोलल्या. पुढच्याच सभेत ठराव झाला: पाच एकरांपेक्षा कमी जागेत छऱ्याची बंदूक चालवायची नाही. गावाच्या हद्दीत पाच एकर फक्त मर्लचे.

म्हणजे तिची तोंडभर स्तुती करून त्यांनी तिलाच बंदी घातली. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

डेरिक धावत आला. मी तक्रार केली नव्हती हो, म्हणत राहिला. ठाऊक आहे, मीच केली, असं आर्डिस म्हणाली आणि दार लावून घेतलं. गावचा पोलीस रँडी भेटला तेव्हा हळूच बोलला, की शेडच्या मागे मार, मला हल्ली कमी ऐकू येतं. तिने त्याला असं काही झापलं, की तो हातातला डोनट तसाच धरून गाडीत जाऊन बसला.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच होती. गावात कुणीही थांबलं नाही. दुसऱ्या बाजूचा शेजारी ग्लेन कुंपणावर डबे मांडून बेधडक मारतो. मागे ना पेटी, ना बांध. त्याचा एक छर्रा आर्डिसच्या शेडच्या पत्र्यावर येऊन टणकन वाजला. गावात नीट मारणारी एकच होती आणि थांबली तीही एकटीच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हा राग निघायचा कुणावर? वेंडेलवर. दुपारची कॉफी झाली की ती आता घरातच असायची. त्याची हनुवटी पुसायची, उशी सरळ करायची, पुन्हा पुसायची, पांघरूण ओढायची. एक दिवस त्याने डाव्या हाताने तिचा हात बाजूला सारला.

"जा," तो म्हणाला.

"कुठे जाऊ? बंदी आहे. रोज काय सांगायचं तेच तेच?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"तू... बाहेर. मी... एकटा." मग दम घेऊन तो म्हणाला, "बरं वाटायचं."

आर्डिस खाली बसली. तिला वाटायचं, तेवढा वेळ आपण त्याच्यापासून चोरतो, तो बिचारा खिडकीत आपली वाट बघतो. आणि तो तर दिवसभर त्याच वेळाची वाट बघत असायचा. कुणी पुसत नाही, कुणी बघत नाही, तोंडातून लाळ गळली तर गळू दे. तिला आधी वाईट वाटलं, मग मेल्याचा रागही आला, आणि मग सभेत स्वतःच्या पायांनी चालत गेलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला.

ती उठली. कोट घातला, दार ओढून घेतलं आणि परसात खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. थंडी मरणाची. कचऱ्याचं पिंप ढकलत चाललेला डेरिक थबकला.

"आर्डिस, ठीक आहात ना? काय करताय?"

"उभी आहे."

"अशाच? कशासाठी?"

"नवऱ्याला जरा एकटं सोडलंय," आर्डिस म्हणाली. "यावर अजून बंदी नाही. आणि या खेपेला मी विचारायलाही जाणार नाही."