असोसिएशनची वकील

ऋता देवस्थळी नागपूरहून न्यू जर्सीत आली तेव्हा वकील नव्हती. मुलगा वेद शाळेत जायला लागल्यावर, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज असं करत तिनं लॉ पूर्ण केलं. वकिलीची बार परीक्षा पास झाली, पण काम देणार कोण? दिलं ते प्रताप निंबकरांनी. वेस्ट विंडसरच्या एका चार मजली काँडोत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, घरमालकांच्या असोसिएशनचे ते प्रेसिडेंट, निवृत्त इंजिनियर. "आमचे नियम नीट लिहून दे," म्हणाले, आणि पुढे ओळखीच्या प्रत्येक इमारतीच्या बोर्डाला तिचं नाव सांगत सुटले. गळक्या छतापासून वरच्या मजल्यावरच्या ड्रमपर्यंत सगळी भांडणं मग तिच्या टेबलावर येऊ लागली. ती प्रतापकाकांना फार मानायची.

मागच्या उन्हाळ्यात त्या इमारतीची जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची ठरली. काम तीन महिने चालणार होतं. चौथ्या मजल्यावर गुरुनाथ आणि प्रीता वाघोलीकर राहत. गुरुनाथना पक्षाघात झालेला, व्हीलचेअरशिवाय हलता येत नव्हतं. तळमजल्यावर पाहुण्यांसाठी एक खोली होती. लिफ्ट सुरू होईपर्यंत ती मिळावी, असा अर्ज प्रीतानं केला. प्रतापकाकांनी तो फेटाळला आणि ऋताला फोन केला, "नकाराचं पत्र तुझ्या सहीनं जाऊ दे."

ऋता आधी इमारतीत गेली. जिने चढून वाघोलीकरांच्या दारात पोचली तेव्हा तिलाच धाप लागली होती. प्रीता म्हणाली, "फिजिओथेरपी बंद केलीय आम्ही. खुर्चीसकट उचलून खाली न्यायचं म्हटलं की हे डोळे मिटून घेतात."

ऋता तशीच प्रतापकाकांकडे गेली.

"पाहुण्यांना तीनच रात्री, हा नियम तूच लिहिलास," काका म्हणाले.

"मीच लिहिला. पण आजारी माणसासाठी नियमाला मुरड घालावी लागते, काका. कायदाच आहे तसा."

"आज याला दिली की उद्या सगळे मागतील. आणि तू वकील कोणाची? माझीच ना?"

"नाही काका. असोसिएशनची. तुमचीही नाही आणि त्यांचीही नाही. उद्या केस झाली तर कोर्टात असोसिएशन उभी राहील. हे मला सगळ्या बोर्डाला सांगावं लागेल."

काकांनी अर्ज घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुला पहिलं काम मी दिलं होतं."

"ते मी विसरले नाही," ऋता म्हणाली. गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं.

तरी मीटिंगमध्ये तिनं सगळं मांडलं. प्रतापकाका एकटे पडले. गुरुनाथ त्याच आठवड्यात खाली राहायला आले, फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली. पण काकांनी बोलणं सोडलं. गणपतीचं आमंत्रणही आलं नाही.

यंदा मार्चमध्ये ते अचानक तिच्या ऑफिसात आले. मुलाकडे शुगर लँड गावी कायमचं जायचं ठरलं होतं, इमारतीतलं घर विकायचं होतं. "कागदपत्रं तूच कर."

"मला नाही करता येणार, काका. मी त्याच इमारतीची वकील आहे, दोन्हीकडून काम नाही करता येत." तिनं त्यांच्यासमोरच दुसऱ्या वकिलाला फोन लावून वेळ ठरवून दिली.

काका उठले नाहीत. टेबलाकडे बघत म्हणाले, "काल गुरुनाथकडे गेलो होतो. काठीच्या आधारानं दारापर्यंत आला. प्रीतानं जेवायला ठेवून घेतलं."

"काय बोललात?"

"काही नाही. जेवलो."

ऋतानं पुढची अपॉइंटमेंट पुढे ढकलली आणि चहा ठेवला.