मास्तरांची दुसरी फ्लॉपी

आमच्या पांढुर्ण्यातले टायपिंगचे मास्तर स्वतःच्या बोटांकडे कधी बघायचे नाहीत, अन् दुसऱ्यालाही बघू द्यायचे नाहीत. क्लासमधली एखादी पोरगी वाकून कळा शोधू लागली की तिच्या हातांवर टॉवेल टाकायचे. "मान वर ठेव वो बाई. बोटाले आपले डोळे असतात." मी समोरच राहायची. पापड वाळवता वाळवता दिवसभर हे ऐकायची. इंग्रजी अक्षरंसुद्धा मला त्यांच्या खिडकीतूनच आली. मशीनींपेक्षा जास्त आवाज त्या माणसाचा असे.

त्या माणसाला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. नागपूरच्या इलाजात मशीनीही विकल्या गेल्या. त्यांची बायको, आमच्या वहिनी, विचारायच्या, "वरण देऊ का ताक?" मास्तर नुसते डोळे मिटायचे. आता त्यातून काय समजायचं?

मग परदेशातला पुतण्या आला, मांडीवर मावेल असा नवा कोरा कंप्युटर घेऊन. पण तो इंग्रजीतच सुरू व्हायचा, अन् वहिनींची शाळा सावनेरला माहेरी, मराठी चौथीपर्यंत. पुतण्यानं नागपूरच्या मित्राकडून दुसरी सिस्टीम आणली. तिच्या फ्लॉपीवर मशीन सुरू केली की पडद्यावर मराठी उमटायचं. एका घरात दोन कारभारी म्हणा ना. ज्याची फ्लॉपी घातली, त्याचं राज्य.

मास्तरांनी डाव्या हाताच्या एका बोटानं पहिलं वाक्य लिहिलं, "भाजीत मीठ कमी आहे."

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "पाह्य वो बाई, इतक्या महिन्यानं बोलले, अन् हे बोलले."

त्यानंतर मात्र गाडी थांबेना. माझे पापड जाड असतात हेही त्यांनी लिहून ठेवलं. सगळं बोलणं त्या मराठी फ्लॉपीतच साठवायचे. दुपारी ते झोपले की वहिनी तेच पुन्हा वाचत बसायच्या. पुतण्या परत गेला तेव्हा दोघं नवरा-बायको भांडायलाही लागले होते.

अन् दसरा आला. दरवर्षी मास्तर आपल्या मशीनींची पूजा करायचे. या वर्षी त्यांच्या वाटणीची पूजा वहिनींनी केली. पाट मांडला, कंप्युटर ठेवला, पुढे ती फ्लॉपी. मी आपट्याची पानं घेऊन गेले, तर वहिनी फ्लॉपीचा सरकता पत्रा अंगठ्यानं बाजूला करत होत्या. आत काळसर गोल चकती दिसली. हेच हिचं कपाळ असणार, असं त्यांना वाटलं. खाटेवरून मास्तर "आ... आ..." करू लागले, डावा हात आपटू लागले.

"हो जी, लावते, तुमच्या नावानंच लावून राहिली," वहिनी म्हणाल्या, अन् पाण्यात कालवलेली हळद-कुंकवाची दोन बोटं त्यांनी त्या चकतीवर टेकवली.

मास्तरांना थांब म्हणायला एकच जागा होती, अन् ती पाटावर होती.

पूजेनंतर फ्लॉपी घातली, तर मशीन नुसती घरघरली. त्या फ्लॉपीवर पुन्हा काही सुरू झालं नाही. पुतण्याला दुसरी पाठवायला कळवलं. तोवर मास्तर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू लागले, अन् मी वाचून दाखवू लागले. पहिलं होतं, "तुझी चूक नाही." वहिनी पदराचा बोळा तोंडात धरून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी "तू रात्री" एवढं लिहिलं, माझ्याकडे पाहिलं अन् पुसून टाकलं. मी म्हटलं, मी बाहेर जाते. पण मी गेल्यावर वाचणार कोण? त्यानंतर त्यांनी मशीन मागितलीच नाही. बाजारात कापूस भरलेल्या बैलबंड्या लागल्या त्या दिवसांत ते गेले.

तेरवी झाल्यावर नवी फ्लॉपी पोस्टानं आली. वहिनी म्हणाल्या, "लावून पाह्य."

लावली. मराठी आलं. पडदा स्वच्छ, कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करत होती.

"यात त्यांचं बोलणं असन ना?"

"नाही वो वहिनी. ते त्या जुनीत होतं. ही नवी आहे."

त्या सरकून त्या रेघेसमोर बसल्या. मी झाकण लावायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे चालू. बंद नको करू."

बॅटरी संपेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो.