काढून ठेवलेली माळ

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आता मी निगडीला प्राधिकरणात राहतो. जेवण झालं की व्हरांड्यात आरामखुर्चीत पडतो, आणि तीनच्या सुमारास काही कारण नसताना जागा होतो. कानात भोंगा वाजलेला असतो. तो ज्या कंपनीचा, ती केव्हाच बंद पडली, भोंगाही तिच्याबरोबर गेला. बायको म्हणते, स्वप्न पडलं असेल. असेलही.

सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी इथून जवळच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. तेव्हा ज्वारीची शेतं आणि कारखाने एकमेकांना खेटून उभे होते आणि सगळी वस्ती भोंग्यावर चालायची. बायका भोंग्यावर तवा चढवायच्या. मनगटाला घड्याळ बांधणारी माणसंसुद्धा ते भोंग्याला लावून घ्यायची. पाळीला उशीर झाला तर कंपनीचं फाटक बंद, आणि दिवसाचा खाडा. भोंगा झाला की माणूस हातातला घास टाकून उठायचा.

दसरा नुकताच झाला होता. नव्या स्टेडियमवर कंपन्यांच्या संघांचा कबड्डीचा अंतिम सामना होता. स्टेडियम म्हणायचं एवढंच. एका बाजूला पायऱ्यांची गॅलरी, भोवती उंच भिंत आणि वापरात एकच फाटक. सामना संपला तरी बक्षीस द्यायला येणारे मोठे पाहुणे आले नव्हते. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. गॅलरीतली दुसऱ्या पाळीची सगळी माणसं एकदम उठली आणि फाटकाकडे धावली. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. पुढच्यांना ते दिसत होतं, मागच्यांना दिसत नव्हतं. गेलेल्यांचा आकडा मी इथे लिहीत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला आकड्याशी काय करायचं?

मी पोचलो तेव्हा कोयंडा तुटून फाटक उघडलं होतं आणि जखमींना टेम्पोतून हलवत होते. मैदानावर पिवळं ऊन पसरलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश खाली बसत होती की सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटावं. चपला जिकडेतिकडे पडल्या होत्या. लाउडस्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यातून नुसती खरखर येत होती. मी पंचनामा सांगत होतो, हवालदार लिहीत होते, आणि मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

आरोपी शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. क्रीडा समितीचे सचिव त्याला स्वतः ठाण्यात घेऊन आले. हे सचिव म्हणजे एका सरकारी कचेरीतले वजनदार अधिकारी. आरोपी म्हणजे मैदानाचा राखणदार, चाकणकडच्या खेड्यातला पन्नाशीचा माणूस. त्याने खाली मान घालून जबाब दिला: दारू प्यालो होतो, नशेत फाटकाला कुलूप घातलं, किल्ली कुठे पडली आठवत नाही. वरिष्ठांचा फोन आला, केस सरळ आहे, लवकर आटपा. दोन दिवसांनी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून कबुली नोंदवायची होती. एकदा ती नोंदवली की माणूस तुरुंगात आणि प्रकरण कपाटात.

माझ्या अनुभवात गुन्हा कबूल करणारा माणूस अडखळतो. मध्येच रडतो, स्वतःची बाजू सांगतो, दुसऱ्यावर ढकलतो. हा पाठ केल्यासारखं बोलला होता. त्यातून सचिव दिवसातून दोनदा ठाण्यात डोकावत होते, राखणदाराने आणखी काही सांगितलं का म्हणून. खाई त्याला खवखवे. पण नुसत्या खवखवीवर कुणाला अटक करता येत नाही.

खबर दिली ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याने. तो मूळचा तिथलाच, सगळ्यांची कुंडली त्याला ठाऊक. ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुमच्या कोठडीतला गडी माळकरी हाय. कांद्याच्या चाकणचा असून चातुर्मासात माझी कांद्याची भजी खात न्हाई त्यो. दारू कुठनं पितोय?"

मी आत जाऊन राखणदाराकडे पुन्हा पाहिलं. गळ्यात माळ नव्हती. पण उन्हाने रापलेल्या मानेभोवती एक फिकट रेघ होती, वर्षानुवर्षं तुळशीचे मणी टेकलेल्या जागेची. तळहात दोन्ही सोलवटलेले होते. कशाने, विचारलं तर म्हणाला, नशेत पडलो. माळ कुठे गेली, विचारलं तर त्याने मान फिरवली. तासभर मी बसलो. दमदाटी केली, गोडीने विचारलं, बिडी पुढे केली. तो भिंतीकडे बघत राहिला. मारहाणीने लोक बोलतात हे खरं. पण आपल्याला हवं तेच बोलतात, म्हणून मी त्या वाटेला जात नसे.

मग मी त्याच्या घरी गेलो. मैदानामागे पत्र्याची खोली होती. कोनाड्यात देवाची तसबीर आणि तिच्यापुढे माळ ठेवलेली. त्याची बायको चुलीपाशी बसली होती. तिने मला पाहिलं आणि पदर सावरला, पण घाबरली नाही. माळेकडे बघत म्हणाली, "ह्यांनी ठाण्यात जायच्या आदी काढून ठिवली. म्हणाले, माळ गळ्यात असल्यावर खोटं बोलायला तोंड उघडंना."

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. मुलगा कंपनीत तात्पुरता कामगार होता, दर काही महिन्यांनी घरी बसवायचे. सचिवांनी शब्द दिला होता: गुन्हा अंगावर घे, पोराला कायम करून देतो. माझं काम खरं तर तिथेच झालं होतं, पण नवऱ्याने तोंड उघडल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. मी तिला म्हणालो, माळ घेऊन ठाण्यात याल? त्यात पोराची नोकरी जाणार, हेही सांगितलं. तिने हात पुसले, माळ पदरात घेतली आणि माझ्या पुढे चालू लागली. तिच्या मागून त्या कोवळ्या उन्हात चालताना मला का कोण जाणे, गलबलून आलं.

ठाण्यात तिने माळ नवऱ्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाली, "पोराचं आपुन बघू. गेलेल्यांच्या बायका पाण्याला येत्यात, मला त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई."

त्याने माळेला हात लावला नाही. म्हणाला, आता आपल्या हाताने घालायचा हक्क नाही. माळ काढून खोटं बोललेला माणूस मी. आमचे हवालदार स्वतः माळकरी. एरवी ड्युटीवर ते माळ शर्टाच्या आत ठेवत. ते खुर्चीवरून उठले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ती माळ त्याच्या गळ्यात घातली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. ठाण्यातलं असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग तो बोलला, आणि अडखळत, रडत बोलला. पाहुणे यायच्या आधी दुसऱ्या पाळीची माणसं उठून गेली तर गॅलरी रिकामी दिसेल, म्हणून सचिवांनी बाहेरून कुलूप घालायला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ते हार घेऊन चौकात पाहुण्यांची वाट बघत उभे राहिले.

"म्या सांगितलं व्हतं, साहेब, भोंगा व्हईल. तर म्हणाले, भोंगा रोजच व्हतो."

भोंगा झाला. आतून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा तो किल्लीसाठी चौकाकडे धावला, अर्ध्यातून परत फिरला, आणि गटारावरचा दगड उचलून कोयंड्यावर घालत सुटला. हात सोलवटले ते त्याने.

कोयंडा तुटला होता, कुलूप मात्र शाबूत होतं, मुद्देमालात. ते घेऊन मी दोन पंचांसह सचिवांच्या कचेरीत गेलो. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावरच पडला होता. एवढा हुशार माणूस, पण ती एक किल्ली जुडग्यातून काढायचं त्याला सुचलं नव्हतं. तिसरी किल्ली कुलपात फिरली. सचिवसाहेबांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

राखणदार सुटला. सचिवांवर खटला झाला, ते काही काळ निलंबित राहिले. ही समितीकडे कायम असणारी जादा किल्ली होती, असं त्यांच्या वकिलाने सांगितलं. साक्षी होता होता वर्षं गेली आणि शेवटी संशयाचा फायदा मिळून ते सुटले. मोठी चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल मी तरी कधी पाहिला नाही. माझी बदली झाली, आणि ती का झाली हे विचारण्याइतका मी दुधखुळा नव्हतो. या केसने मला एक शिकवलं. साधा माणूस खोटं बोलण्याआधी काहीतरी काढून ठेवतो, आणि तपास करणाऱ्याने तेच शोधायचं असतं. सचिवांसारख्यांपुढे मात्र मी कायम हरलो. काढून ठेवावं असं त्यांच्या अंगावर काहीच नसे.

काही वर्षांनी, ऐंशीच्या आसपास, कामानिमित्त त्या बाजूला गेलो. राखणदार फाटकाशी स्टुलावर बसला होता, केस पांढरे, गळ्यात माळ. नोकरी कशीबशी परत मिळाली होती. मुलाचं विचारलं. मुलाला कंपनीने परत घेतलंच नव्हतं. तो चाकणला कांद्याच्या वखारीत हमाली करत होता. मी विचारलं, "बाबा, वाईट वाटतं का?"

त्याने मैदानाकडे पाहिलं. आत पोरं खेळत होती, धूळ उन्हात तरंगत होती.

"वाटतं की. पोरगं पाठ धरून घरी येतं तवा वाटतं."

तेवढ्यात भोंगा झाला. बोलणं अर्धवट टाकून तो उठला. फाटक सताड उघडंच होतं. तरी तो गेला, दोन्ही हातांनी ते भिंतीला टेकेपर्यंत मागे रेटलं, आणि भोंगा थांबेपर्यंत तसंच धरून उभा राहिला.