आप्पांचा पहिला हात

आप्पांचा उजवा हात पहिली काही वर्षे मी नीट पाहिलाच नव्हता. तो सदैव खांद्यावरून पुढे घेतलेल्या पांढऱ्या पंच्याखाली असे. देवळात जाताना, शाळेच्या ओट्यावर बसताना, एवढेच नव्हे तर कोणाला वाट सांगतानाही आप्पा डावा हात पुढे करीत. नव्याने आलेल्या माणसाचा असा समज होई की, त्यांच्या उजव्या हाताला काही अपाय झालेला असावा. माझाही झाला होता. प्रत्यक्षात तो हात अत्यंत धडधाकट होता आणि निपाणीच्या आसपासच्या तंबाखूच्या बाजारात त्याच्याइतका विश्वासाचा दुसरा हात नव्हता.

ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी येथे थोडे विवेचन करणे आवश्यक आहे. आमच्या भागात तंबाखूचा भाव तोंडाने सांगत नसत. शेतकरी, व्यापारी आणि मध्ये दलाल. दलाल पंचा पुढे धरी, त्याखाली एकेकाचा हात हातात घेई आणि बोटे दाबून भाव सांगितला जाई, ऐकला जाई. भोवती माणसांची गर्दी असली तरी कोणी किती मागितले आणि कोणी किती देऊ केले हे दलालाखेरीज कोणालाही कळत नसे. पंच्याखालचे बाहेर सांगणार नाही, ही दलालाची एकमेव शपथ. आप्पा आमच्या गावचे दलाल होते आणि ही शपथ त्यांनी अंगरख्यासारखी वापरली नव्हती. ती त्यांची कातडी होती.

या पद्धतीत आणखी एक नियम होता. तो कोणी शिकवीत नसे, पण सर्वांना ठाऊक असे. पहिला हात खरा नसतो. शेतकरी पहिल्या हाताला अवाच्या सवा मागतो, व्यापारी पहिल्या हाताला हास्यास्पद भाव देतो, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या हाताला दोघे माणसांत येतात. ही सवय बाजारापुरती राहिली नव्हती. आमच्या गावात जेवायला बोलावले तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे असते, मुलगी पसंत असली तरी पहिल्या निरोपाला तिच्यात खोट काढायची असते. नवा शिक्षक म्हणून मी आलो तेव्हा मला खोली देणाऱ्याने प्रथम खोली नाहीच म्हणून सांगितले. मी खरे मानून परत निघालो, तेव्हा आप्पांनी मला थांबवले. “मास्तर, तेनं पयला हात दिलाय. तुमी लगीच काय चाललासा?”

आता संघाविषयी. आमचे आणि शेजारची चार अशा पाच गावांचा मिळून एक संघ होता. माल एकत्र विकायचा, वखार एक, दलाल एक, आणि लोकल बोर्डाच्या निवडणुकीत पाचही गावांनी एकाच माणसाला मत द्यायचे. वखार त्या पाचांतल्या मोठ्या गावात होती आणि संघाचे अध्यक्ष त्याच गावचे देसाई होते. दलाल सभासद गावचाच असावा असा नियम असल्यामुळे संघाच्या वखारीतली दलालाची गादी आप्पांकडे होती. आप्पांना शेत नव्हते, मूलबाळ नव्हते, पत्नी निवर्तली होती. एक थोरली आक्का बोरगावात दिलेली. ती गादी सोडली तर आप्पांना या जगात बसायला जागा नव्हती, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते.

असे असता गावात संघ सोडण्याची भाषा सुरू झाली. पुढारी होता बाळगोंडा, चांगला कष्टाळू शेतकरी, पण आवाज मोठा. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक पोत्यामागे संघ वाटा कापतो, निर्णय मोठ्या गावात होतात, आणि बोर्डाकडून आलेली विहीरही तिकडेच खणली जाते. उलट पक्ष म्हणे की, संघामुळेच व्यापारी आपल्याला एकेकट्याला गाठून भाव पाडू शकत नाही, आणि निपाणीच्या सडकेला लागायला गाड्या मोठ्या गावाच्या शिवारातूनच न्याव्या लागतात. विषयाची शिस्तशीर मांडणी व्हावी म्हणून मी शाळेच्या फळ्यावर मध्ये रेघ ओढून एका बाजूस फायदे आणि दुसऱ्या बाजूस तोटे लिहिले. अडचण अशी झाली की, बाळगोंडा ज्याला तोटा म्हणे त्यालाच दुसरा फायदा म्हणे. अखेरीस एकच वाक्य दोन्ही बाजूंना लिहिण्याची पाळी आली आणि मी खडू ठेवला.

आप्पा या सर्व सभांना येत. बाळगोंडा बोलला की मान हलवीत. “व्हय, तेबी खरं हाय.” विरुद्ध पक्ष बोलला की तीच मान, तेच वाक्य. बाळगोंडा एकदा चिडून म्हणाला, “आप्पा, तुमी हिकडचं का तिकडचं? एक कायतरी बोला की!”

“मी मधला रं बाबा. मधला बोलला तर मधला कसला?”

“आन् गाव भाईर पडलं तर तुमची गादी जातीया, ते?”

“म्हणूनच बोलत न्हाय,” आप्पा म्हणाले. “माजं त्यात हाय म्हणून माजं तोंड बंद.”

मत घ्यायचे ठरले तेव्हा ते उघड नको असे सर्वांना वाटले. भाऊ भावासमोर बोलायला तयार नव्हता. मग कोणीतरी सुचविले की, आप्पांनीच पंच्याखाली मते घ्यावीत. राहायचे असेल त्याने सगळा पंजा धरावा, बाहेर पडायचे असेल त्याने एक बोट. ज्याचे पोट या मतावर अवलंबून होते त्याच्याच हातात सगळ्या गावाने मत दिले आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला आजही त्या गावाविषयी आदर उत्पन्न करते.

शाळेच्या ओट्यावर आप्पा बसले. एकेक जण येई, पंच्याखाली हात घाली, आणि चेहरा कोरा ठेवून उठे. आप्पा जैन होते, दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. शेवटचा माणूस उठला तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. आप्पा उठले, “भाईर पडायचं जास्त हाय” एवढे बोलले आणि जेवायला घरी गेले. जमलेली माणसे मात्र हलेनात.

“आन् दुसरा हात?” बाळगोंडानेच विचारले.

घोटाळा येथे झाला. पुढे हळूहळू जे उलगडले ते असे की, बहुतेकांनी एक बोट धरले होते ते पहिला हात म्हणून. संघाने जरा घाबरावे, वाटा कमी करावा, विहीर द्यावी, आणि दुसऱ्या हाताला आपण सगळा पंजा धरू, असा प्रत्येकाचा मनातला हिशोब. दुसरी फेरी उद्या होईल असे धरून लोक घरी गेले. पण उद्या उजाडण्यापूर्वीच बातमी देसायांच्या कानी गेली होती. देसाईही याच मातीतले. त्यांनी हा आमचा पहिला हात समजला आणि आपला पहिला हात म्हणून उलट निरोप धाडला : “जायाचं तर जावा.” आता पुढचा हात कोणी द्यायचा? जो आधी देईल तो हरला. आम्ही त्यांची वाट पाहिली, त्यांनी आमची पाहिली, आणि तंबाखूचा हंगाम येऊन ठेपला तेव्हा आम्ही खरोखरच बाहेर होतो. कोणी ठरवले म्हणावे, हे मला फळ्यावर मांडता आले नसते.

मोठ्या गावाने शिवारातली वाट बंद केल्यामुळे त्या हंगामात आमच्या गाड्या ओढ्याच्या वाटेने चिखलात रुतत निपाणीस गेल्या. व्यापाऱ्यांनी एकेकाला वेगळे गाठले. गादी गेल्यामुळे आप्पा देवळाच्या पायरीवर बसून असत. मी एकदा त्यांना म्हणालो, “आप्पा, हात धरताना तुम्हाला कळले असेलच की, कोणाच्या बोटात जोर आहे आणि कोणाच्या नाही. तुम्ही तेव्हाच का सांगितले नाही?”

“मास्तर, पंच्याखालचं मी कवा सांगितलंय? आन् सांगितलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं? आप्पा गादीसाठी खोटं बोलतोय.” मग ते म्हणाले, “आन् खरं सांगू? मलाबी न्हाय कळलं. लोकांचं त्यांनाच कळलं नव्हतं, तर मला बोटातनं काय कळणार?”

पुढच्या हंगामापूर्वी गावाने आप्पांनाच पुढे घातले. जा आणि आम्हाला परत संघात घेऊन या. आप्पांबरोबर बाळगोंडा आणि मी मोठ्या गावी गेलो. देसायांनी गूळपाणी दिले. मग आप्पांनी पंचा पुढे केला. देसायांनी हात घातला. मध्येच दोघे कानडीत काही पुटपुटले, ते मला समजले नाही. मी लांबलचक ओढाताणीच्या तयारीने बसलो होतो, पण देसायांचा हात फार लवकर बाहेर आला.

“जमलं,” आप्पा म्हणाले. “जुन्याच वाट्यावर. वाट खुली. विहीर पुढच्या साली.”

बाळगोंडाने आनंदाने आप्पांना मिठीच मारली. परतताना तो वाटभर बोलत होता आणि आप्पा “व्हय, व्हय” करीत होते.

वखार उघडली त्या दिवशी गादीवर देसायांच्या गावचा एक तरुण दलाल बसलेला दिसला. बाळगोंडा उसळला. “ही अट कुणी मान्य केली?”

“तुमच्या आप्पानंच की,” देसाई म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन ते अवघडून बोलू लागले. “मास्तर, मला अजून उमगंना झालंय. गादी आमच्या गावाला द्या, ह्यो माजा पयला हात होता. तेवढं तर कुणीबी मागतं. आप्पा झटकतील, मग मी सोडीन, म्हणून बसलो होतो. तेनी लगीच धरला. जल्मभर ज्यानं पयला हात कवा धरला न्हाय, त्यानं माजा का धरला?”

गावासाठी केले म्हणावे, तर एक-दोन हातांत गावाला संघ आणि स्वतःला गादी दोन्ही मिळाले असते आणि हे आप्पांइतके कोणाला कळत होते? थकले म्हणावे, तर हात खणखणीत होता. मागच्या वेळी सगळ्यांनी दुसऱ्या हाताची वाट पाहिली आणि त्यात काय झाले, याची त्यांनी धास्ती घेतली असेल काय? मी आजही एकेक कारण मांडतो आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढतो.

आप्पा बोरगावला आक्काकडे राहायला निघाले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. विक्रीचा दिवस होता. गावातल्या सगळ्या गाड्या भल्या सकाळी मोठ्या गावच्या वाटेने वखारीकडे गेल्या होत्या. गल्लीत म्हाताऱ्या बायका आणि कोंबड्या तेवढ्या होत्या. आप्पांचे सामान एका गाठोड्यात मावले होते. मी शाळेला मधली सुट्टी देऊन वेशीपर्यंत गेलो आणि म्हणालो, “आप्पा, आज कोणी भेटले नाही तुम्हाला. उद्या निघाला असता तर सगळे असते.”

“नको, मास्तर. सगळी असती तर मी इचारलं असतं, मला जाऊ देताय का ठिवून घेताय म्हणून. मग परत मत घ्यावं लागलं असतं.” ते हसले. “आन् आता मत घेणार कोण?”

त्यांनी गाठोडे उजव्या खांद्यावर टाकले आणि ते सांभाळायला उजवा हात वर केला. तो हात मी तेव्हा भर उन्हात प्रथमच पाहिला. इतर कोणत्याही हातासारखाच होता.