धारहून आलेले ठग

"आत पंखा चालू आहे. म्हणजे माणसं आहेत."

दाराबाहेरची बाई असं म्हणाली आणि मी घाईघाईने पंखा बंद केला. (आम्ही घरात आहोत, याचा याहून पक्का पुरावा देता आला नसता!)

शनिवारची सकाळ होती. धारची मंडळी मला पाहायला देवासला रविवारी यायची होती. मुलाचा फोटो मला आवडला होता, पण हे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'फोन बिघडला, हा नवा नंबर. मुलाला रविवारी ड्यूटी लागली, उद्याच येतो. लोकेशन लवकर पाठवा.'

नवा नंबर, घाई आणि वर पत्ताही हवा! मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे घरात खरं-खोटं ठरवायचं खातं माझ्याकडे. मी नंबर ब्लॉक केला आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'धारच्या मंडळींच्या नावाने ठग फिरताहेत, सावध राहा.' मामाने अंगठा दिला. बाबा निश्चिंत मनाने कामासाठी खातेगावला निघून गेले.

आणि आता ठग बेल वाजवत होते.

"कौन चाहिए?" आईने आतूनच विचारलं. (ठगांशी आम्ही हिंदीत बोलतो.)

बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या की त्या धारहून आल्यात, चौकात विचारत विचारत घर शोधलंय. आईचा हात कडीकडे गेला. "अगं, आवाज त्यांचाच आहे. फोनवर बोललेय मी."

मी तिच्या कानात सांगितलं की हल्ली आवाज हुबेहूब बनवता येतो. प्रत्यक्ष दारात उभ्या असलेल्या बाईचा कसा बनवतील, हे तिने विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

तेवढ्यात बाहेर एक पुरुषी आवाज म्हणाला, "आई, चल ना यार. चौराहे पर पोहे खा लेते हैं."

ठगाचा आवाज इतका छान असू नये, असं मला वाटून गेलं.

मग आईने मी पाहिलेल्या 'ठगांपासून सावधान' छाप एकाही व्हिडिओत नसलेली युक्ती काढली. "तुमच्याकडे गौरी कशाच्या? मुखवट्यांच्या की खड्यांच्या?"

बाईंचं उत्तर लगेच आलं.

"खड्यांच्या. फोनवर सांगितलं होतं की! नदीवरून खडे आणतो. आणणारीने वाटेत तोंड उघडायचं नाही."

आईने खाडकन कडी काढली.

मी होते तिथेच थिजले. केसांना तेल, अंगावर भावाचा जुना टी-शर्ट, स्वयंपाकघरात पोह्यांचा पत्ता नाही. मुलगा थेट फोटोतल्यासारखाच होता, फक्त घामाघूम. पंखा सुरू करायचं कुणालाच सुचेना. आई माफी मागत होती आणि मी फरशी बघत होते.

बाई पाणी प्यायल्या, त्यांनी मला नीट न्याहाळलं. "गप्प राहते. खडे आणायला बरी आहे," असं त्या लेकाला म्हणाल्या. तो हसला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बरं बाळ, तुला काय काय येतं?"

स्वयंपाक बेताचा, गाणं मुळीच नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. घाबरून जे पहिलं ओठांवर आलं, ते मी बोलून टाकलं.

"मला खोटं ओळखता येतं."